निळ्या डोळ्यांचा आणि माझ्या वाकळा

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी.

आजपासनं रोजनिशी. अंतरानं, म्हणजे माझ्या नातीनं, फोनमध्ये सोय करून दिलीय. माईकचं चित्र दाबायचं आणि बोलायचं. फोन आपणच लिहितो, वर तारीख-वार पण आपणच टाकतो. मला अक्षर वाचता येत न्हाय. म्हणजे काल काय बोललो ते आज मलाबी कळणार न्हाय. एवढी सेफ डायरी सरकारात पण नसंल.

अंतरा म्हणाली, अक्का, दिवसभर तुला जे काय सांगायचं असतं ते ह्याला सांग. आम्हाला सांगून सांगून तुझा घसा दुखतो. लई काळजी पोरीला माझ्या घशाची.

संकल्प: रोज बोलायचं. खरं बोलायचं. सुनेबद्दल जरा बेतानं खरं बोलायचं.

सून पूर्णिमा. पुण्याची. नवी आली तेव्हा मला शिकवत हुती, आई, बायकांनी मी आलो, मी गेलो म्हणू नये, आले, गेले म्हणावं. मी म्हटलं, बाई, कोल्हापुरात बायका येतो म्हणतात आणि येतात. तुमच्याकडं येते म्हणतात आणि फोन उचलत न्हाईत. शिकवणी त्याच दिवशी संपली. तेव्हापासनं मला आई म्हणायचीबी थांबली. सगळ्यांसारखी अक्का म्हणते. जवळीक वाढली.

३ नोव्हेंबर. संध्याकाळी.

मुद्द्याचं राहिलंच. माझ्या पोरानं, विजयसिंहनं, गाणी ऐकायची भारी सिस्टीम घ्यायचं काढलंय. शिरोलीत फौंड्री हाय त्याची. उभा जन्म लोखंडाचा दणदणाट ऐकला आणि आता पन्नाशीला आल्यावर म्हणतो, शुद्ध आवाज ऐकायचाय. हाय-फाय म्हणतात त्याला. पुण्याचा मोहित म्हणून एक डीलर हाय. तो एकेक ब्रँड घरी आणून लावून दाखवणार. पसंत पडला तर ठेवायचा, न्हाईतर खोक्यात घालून परत. मुली बघायला जायचं तसंच, फक्त इथं पोहे डीलर खातो.

हॉलमध्ये लावून बघितलं. आवाज घुमतो म्हणे. साहजिक हाय. गुळगुळीत फरशी, काचेचं टेबल, त्यात पूर्णिमाचं बोलणं. मग सगळी खोकी माझ्या खोलीत आणून ठेवली. खालच्या मजल्यावर मागच्या अंगाला मोठी खोली हाय ती माझी. खिडकीतनं कळंब्याचा तलाव दिसतो. ह्या खोलीतनं मी जाणार ती चौघांच्या खांद्यावरनंच, हे सगळ्यांना माहीत हाय.

विजयसिंह म्हणाला, टेम्पररी हाय, अक्का. मी ओळखलं. एवढं मोलाचं सामान माझ्याजवळ ठेवलं, कारण घरात खरा कान मलाच हाय. ब्रँड मीच निवडणार.

६ नोव्हेंबर, गुरुवार.

ब्रँडांची ओळख झाली. नावं अंतरानं सांगितली, चेहरे मी लक्षात ठेवले. वाचता येणाऱ्यांचं हेच चुकतं. ते नाव वाचतात आणि तोंडाकडं बघतच न्हाईत.

आमचे मालक, सयाजीराव, हयात हुते तेव्हा घरात मर्फीचा रेडिओ. त्याच्या जाहिरातीत एक गुटगुटीत बाळ असायचं, गालाला बोट लावलेलं. सासूबाई म्हणायच्या, असं एक दे घराला. दिला. विजयसिंह झाला. बाळासारखा दिसायला न्हवता, पण मर्फीपेक्षा मोठ्यानं वाजायचा आणि बंद करायला बटण न्हवतं.

आता नवे. यामाहा. छातीवर तीन काटे एकमेकांत अडकवलेले. सूर जुळवायचे काटे हायेत म्हणे, हे लोक पहिल्यापासनं वाद्यं करणारे. चेहरा साधा, मास्तरासारखा. कुठलंबी गाणं द्या, तो आपलं मत मधी घालत न्हाय. आमच्यात असा एकबी माणूस न्हाय.

मॅरांट्झ. सोनेरी अंग, मधी गोल खिडकी. मोहित म्हणाला, ह्याचा आवाज उबदार असतो. मी वर हात ठेवून बघितला. खरंच उबदार हाय.

क्लिप्श. हा स्पीकर, बाकीचे त्याला आवाज पुरवणारे ॲम्प्लिफायर. तांब्याच्या रंगाच्या दोन ताटल्या समोर. बघितल्यावर न्हाणीघरातला बंबच आठवला. घासून लख्ख केलेला. त्याच्यासमोर उभारलं की वाऱ्यासारखा आवाज अंगावर येतो, लुगड्याचा पदर हालतो. हा वाजतोय हे ठार बहिऱ्यालाबी कळंल. मला तर लगेच कळलं.

आणि मॅकिन्टॉश. काय सांगू. काळ्या काचेचं तोंड आणि दोन निळे डोळे. डोळ्यांत सुया. गाणं वर गेलं की सुया वर, खाली आलं की खाली. गाणं कुठं चाललंय ते बसल्या जागी दिसतं. मी ह्याचं नाव निळ्या डोळ्यांचा ठेवलंय. पूर्णिमाला म्हटलं, ह्याच्यासारखं जरा नजरेतनं बोलायला शीक, तोंडाला विश्रांती मिळंल. ती जे काय म्हणाली ते ऐकू आलं न्हाय. हल्ली पुटपुटते.

९ नोव्हेंबर, रविवार.

आजचा दिवस माझा.

विजयसिंहची मित्रमंडळी आली. कानाचे डॉक्टर आणि आणखी तिघं. सगळे माझ्या खाटेवर बसून भडंग खात हुते. विजयसिंह म्हणाला, जज्ज आमची अक्का. पहिला लावला. मी म्हटलं, सून रागानं भांडी आपटायला लागल्यासारखा हाय. सगळे हसले, पूर्णिमा सोडून. दुसरा लावला, तांब्याच्या ताटल्यांचा. मी म्हटलं, जावई जेवायला आल्यागत घर हालतंय. परत हसले.

मग निळ्या डोळ्यांचा. विजयसिंहनं बटण फिरवलं. सगळ्यांनी डोळे मिटले, माना डोलवायला लागले. मीबी डोळे मिटले. एवढा स्वच्छ आवाज जन्मात ऐकला न्हवता. खरखर न्हाय, घरघर न्हाय, कुठं टोचत न्हाय. मी म्हटलं, बाईचा गळा हाय, पण लांबचा, देवळातनं नदीपल्याड यावा तसा. मधीच डोळे किलकिले करून बघितलं तर सुया जाग्यावर. जरा म्हणून हालत न्हवत्या. बघा, किती कमी कष्टात गातो तो.

विजयसिंहनं विचारलं, कसा हाय? म्हटलं, हाच घे. बाकीचे ह्याच्यापुढं गोंगाट.

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं. रुमाल तोंडात धरला हुता त्यांनी. अंतरा तर उठून बाहेर गेली, तिला सोसलं न्हाय. संगीत असं पायजे. विजयसिंहनं माझ्या पाठीवरनं हात फिरवला. लई दिवसांनी.

१० नोव्हेंबर, सोमवार.

निळ्या डोळ्यांचा आज परत लावला. आज सुया नाचत हुत्या, पायाखालची फरशी थरथरत हुती. कालच्या गाण्याची सर न्हाय आली. पण मी शब्द दिलाय.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार.

कानाचे डॉक्टर मुद्दाम बॅटरी घेऊन आले. दोन्ही कानांत डोकावले. पुढं होऊन मोठ्यानं म्हणाले, अक्का, दोन्हीकडं मशीन बसवू, पुष्कळ फरक पडंल. मी विचारलं, कुठल्या ब्रँडचं? त्यांनी खिशातनं काढून दाखवलं. भुईमुगाच्या दाण्याएवढं. ना डोळा, ना सुई, ना बटण. असल्या बिनचेहऱ्याच्या वस्तूवर माझा विश्वास न्हाय, म्हटलं. आणि ते बहिऱ्यांसाठी असतं. जज्जाला कशाला?

विजयसिंह म्हणाला, बघू, आधी सिस्टीमचं होऊ दे. माझ्या मनातलंच बोलला. पोरगं माझं हाय.

एक निरीक्षण. सिस्टीम आल्यापासनं घरातले सगळे आपापसात हळू बोलायला लागलेत. ओठ हालतात तेवढे दिसतात. हाय-फायमुळं संस्कार आले. माझ्याशी मात्र ओरडून बोलतात, ती जुनी सवय. सुटंल.

१७ नोव्हेंबर, सोमवार.

मोहित पुण्याहनं आला. काठीवर माईक लावला, मांडीवर लॅपटॉप. खोलीचा आवाज मोजायचा म्हणे. पडद्यावर एक रेघ उमटली. तो उठून उभा राहिला, परत बसला, परत मोजलं. मग विचारलं, ह्या खोलीत काय केलंय तुम्ही? हॉलमध्ये रेघ डोंगरागत हाय आणि इथं शांत पाण्यागत.

मी म्हटलं, मी राहतो इथं.

तो सगळीकडं फिरला. भिंतीच्या कडेनं माझ्या वाकळांची चवड हाय, खांद्यापर्यंत. खाटेवर दोन, खाली दोन. त्यानं विचारलं, ह्या जाड गोधड्या कशाच्या? मग मी सांगायला बसलो. आमच्यात माणूस गेलं की त्याची कापडं वाकळंत घालतात. म्हणजे ते माणूस थंडीत पांघरायला मिळतं. ही हिरवी सासूबाईंची. एवढी जड हाय की अजून छातीवर बसते. ही मालकांच्या धोतरांची, एका बाजूला सारखी घसरते, त्यांचीबी सवय तीच हुती. ही माझ्या आईची, सगळ्यात मऊ. हिच्याशिवाय मला झोप लागत न्हाय.

मोहितला त्यातलं काय ऐकायचं न्हवतं. त्यानं सगळ्या वाकळा बाहेर काढायला लावल्या आणि परत मोजलं. रेघ डोंगर. आत आणल्या. रेघ पाणी. टाळीच वाजवली त्यानं. विजयसिंहला म्हणाला, परदेशातनं आवाज शोषायची पॅनेल मागवायचं रद्द करा. असला माल कुणाकडं न्हाय. आणि ह्या खोलीतनं काहीही हलवू नका. जसं हाय तसं राहू दे.

काहीही म्हणजे मी धरून. विजयसिंहला मुद्दाम विचारलं, ऐकलंस न्हवं? तो म्हणाला, ऐकलं की.

२० नोव्हेंबर, गुरुवार.

वाकळा भिंतीवर चढल्या. फौंड्रीतली दोन माणसं आली, लाकडाच्या पट्ट्या मारल्या, खिळे ठोकले. सासूबाई समोरच्या भिंतीवर, मालक पाठीमागं, आई छताच्या कोपऱ्यात. मेल्यावर माणसं वर जातात म्हणतात, ती आता खरंच गेली.

पांघरायला काय, असं विचारलं. पूर्णिमानं रग दिला, विमानात देतात तसला. रात्रभर पाय बाहेर हुते. म्हणजे माझे पाय लांब हायेत, रगाचा दोष न्हाय.

खाट जरा सरकवली. खाट जिथं हुती बरोबर तिथंच गाणं सगळ्यात चांगलं ऐकू येतं, असं मोहितच्या मोजणीत निघालं. तिथं विजयसिंहची नवी खुर्ची आली. इतकी वर्षं खोलीतल्या सगळ्यात चांगल्या जागेवर मी झोपत हुतो आणि मला मोजायला मशीन लागली न्हवती. हे मी पूर्णिमाला सांगितलं. ती म्हणाली, हो ना.

खाट आता कोपऱ्यात. बास म्हणजे जाड आवाज कोपऱ्यात साठतो म्हणे. तिथं जाणतं माणूस पायजेच.

२४ नोव्हेंबर, सोमवार.

थोडी शिस्त आलीय. पितळेचा तांब्या बाहेर गेला, बासनं थरथरतो. अडकित्ता बाहेर. देवांच्या तसबिरी बाहेर, काचा किणकिणतात. गाणं चालू असताना हात हालवायचा न्हाय, बांगड्या वाजतात. खोकायचं न्हाय. खोकला आला तर गाणी संपायची वाट बघायची. आज मी पाऊण तास खोकला धरला. डोळ्यांतनं पाणी आलं. विजयसिंहला वाटलं, गाण्यानं आलं. मी तसंच वाटू दिलं.

संकल्प: खोकला कायमचा सोडायचा.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार.

खाट खोलीच्या बाहेर, जिन्याखाली. कारण मी घोरतो. मी घोरत न्हाय. घोरत असतो तर मला ऐकू आलं नसतं?

जिन्याखालनंबी गाणं चांगलं लागतं. भिंतीला पाठ लावली की पाठीत येतं. दारात उभारून पूर्णिमानं विचारलं, अक्का, इथं बरं वाटतंय ना? मी म्हटलं, तुझं माहेर आठवतंय. एवढीच जागा हुती न्हवं तुमच्यात?

विजयसिंह फोनवर हुता. पलीकडं शालू, माझी लेक, हातकणंगल्याची. बोलणं कळलं न्हाय, पण माझं नाव सारखं येत हुतं, ओठावरनं कळतंय की. त्याचा चेहरा लाल. अंतराला विचारलं, काय चाललंय? ती म्हणाली, तू कुणाकडं राहायचं त्यावरनं भांडायलेत.

ऊर भरून आला. ह्या वयात दोन्ही पोरं माझ्यासाठी भांडतात. त्याला सांगून ठेवलं, शालू कितीबी ओढू दे, मी खोली सोडणार न्हाय. त्यानं मान हालवली. कुठल्या दिशेनं ते नीट दिसलं न्हाय, जिन्याखाली बल्ब न्हाय.

१ डिसेंबर, सोमवार.

निळ्या डोळ्यांचा कायमचा ठरला. माझाच निकाल. सोबत तांब्याच्या ताटल्या. स्पीकर ठेवायला विजयसिंहनं फौंड्रीत बिडाचे पाय ओतून घेतले. आईसाठी जिन्याखाली एक हूक मारायला सवड न्हाय, पण स्पीकरला पाय दिले. चेष्टा केली हो. अभिमान वाटतो.

रविवारी सात तारखेला मोठा कार्यक्रम. पुण्या-मुंबईची कानवाली माणसं येणार. मी जांभळं इरकली लुगडं नेसणार. भाषणाची तयारी झालीय. सुरुवात मर्फीपासनं करीन, शेवट निळ्या डोळ्यांवर. मधी सुनेवर दोन-तीन गोष्टी, लोकांना आवडतात. भाषण झालं की सगळ्यांसमोर विजयसिंहला म्हणायचं, आता माझी खाट आत घे. चारचौघांत न्हाय म्हणायचा न्हाय तो.

४ डिसेंबर, गुरुवार. दत्तजयंती.

नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो. पूर्णिमानंच काढलं, अक्का, तुम्हाला दर्शन घडवते. सून सुधारली. संगमाला पाणी बरं हुतं. गर्दीत विजयसिंहनं माझा हात धरला हुता. लहानपणी मी त्याचा धरायचो तसा, सुटायला नको म्हणून.

जाताना डिकीत माझी बॅग दिसली. विचारलं, ही कशाला? पूर्णिमा म्हणाली, वाडीत ओलं झालात तर अंगावर घालायला असावं. उघडून बघितलं तर सगळी लुगडी. म्हटलं, सगळी? म्हणाली, किती ओलं व्हाल ते कुठं सांगता येतं?

बासुंदी खाल्ली. येताना गाडी हातकणंगल्यात वळली. चहाला, म्हणाले. शालूच्या दारात तिचा नवरा जोतीराम बॅग घ्यायला आधीच उभा. चहाला बॅग लागत न्हाय, पण जावयाचा मान म्हणून घेऊ दिली. विजयसिंह म्हणाला, अक्का, खोलीला रंग द्यायचाय, वास तुला सोसायचा न्हाय, चार दिवस हितं राहा. मी म्हटलं, भिंती वाकळांनी झाकल्यात की रे, रंग कुठं देणार? तो चहा न पिताच गेला. गडबडीत असतो.

माझी आईची वाकळ राहिली. रविवारी जायचंच हाय.

५ डिसेंबर, शुक्रवार.

शालू म्हणाली, आता हितंच हायेस, तर एक सांगतो. सकाळी उठल्या उठल्या मला नावं ठेवायची न्हाईत. मी म्हटलं, तू जरा बारीक हो, मग ठेवायला जागाच उरायची न्हाय. ती आत गेली. लाडाची हाय.

झोपायला पुढची खोली. जोतीरामची डेअरी हाय, दुधाचे कॅन पहाटे इथंच आणून आपटतात. शालूला काळजी, तुझी झोपमोड हुईल. जराबी झाली न्हाय. माझं मन शांत असतं.

मागं रेल्वेचं रूळ. गाडी गेली की खाट हालते. चांगला ब्रँड हाय रेल्वे. बास भरपूर, पण बारीक आवाज अजिबात देत न्हाय. अंतराला फोनवर हे सांगितलं, विजयसिंहला कळव म्हटलं, उपयोगाला येईल.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी.

जांभळं इरकली नेसून तयार. शालू म्हणाली, कुठं निघालीस? म्हटलं, गाडी येतीय. ती म्हणाली, कुणी सांगितलं? सांगायला कशाला पायजे?

७ डिसेंबर. संध्याकाळी.

गाडी पंक्चर झाली असणार.

अंतरानं व्हिडिओ कॉल लावला. माझी खोली ओळखू येत न्हवती. अंधार, मधी निळे डोळे. भिंतीवर सासूबाई, मालक, आई. खुर्चीवर कुणी पाव्हणं डोळे मिटून. मी भाषण सुरू केलं, मर्फीपासनं. पडद्यावर पूर्णिमानं ओठांवर बोट ठेवलं. मग पडदा काळा. पुण्या-मुंबईच्या लोकांना रेंजचा त्रास असतो.

इरकली घडी घालून ठेवलं.

१० डिसेंबर, बुधवार.

थंडी लई पडलीय. चादर पातळ. जोतीरामला म्हटलं, कळंब्याला जाशील तेव्हा माझी आईची वाकळ घेऊन ये, ती कोपऱ्यातली मऊ. त्यानं विजयसिंहला फोन लावला, माझ्या कानाला धरला, मग परत स्वतःच्या कानाला धरला आणि निरोप ओरडून सांगितला. एक वाकळ काढली तर रेघ बिघडंल म्हणे. तेवढी एक सोडून काहीबी माग.

बरोबर हाय. मीच निवडलेला ब्रँड, मीच बिघडवू?

आमच्या घरापासनं कळंब्याचं जेल जवळ. आत गेलेल्यांना सुटायची तारीख असते. मलाबी हाय. चार दिवस म्हणालाय.

१३ डिसेंबर, शनिवार.

आनंदाची बातमी. अंतराचा फोन. स्पीकर चालू करून शालूनं मला ओरडून ओरडून सांगितलं. मोहितनं खोली परत मोजली. बिघडली! कोपऱ्यात, जिथं माझी खाट हुती, तिथं आवाज साठून घुमायला लागलाय. मोहित म्हणाला, पहिल्यांदा मोजलं तेव्हा खोलीत खाट हुती, गादी हुती, अक्का हुत्या. ते सगळं गेलं तिथं भोक पडलंय. तेवढं भरायला पायजे.

मी काय म्हणत हुतो? सगळ्या जगाची पॅनेल एका बाजूला आणि मी एका बाजूला. शालूला म्हटलं, ऐक, मोठ्या शहरातल्या माणसानं मोजून काढलंय, माझ्यावाचून चालत न्हाय. शालूनं देवापुढं दिवा लावला. रडू आलं असंल तिला, मी जाणार म्हणून.

संकल्प: गेल्यावर रुसायचं न्हाय. कोपऱ्यात खाट टाकून गप पडून राहायचं. बांगड्या काढून ठेवायच्या. खोकला तर सुटलाच हाय. सुनेला नावं ठेवायची ती गाणी बंद असताना.

१९ डिसेंबर, शुक्रवार.

विजयसिंह सोमवारी येतोय. फौंड्रीला सुट्टी. शालूला म्हटलं, बॅग भर. ती म्हणाली, भरलेलीच हाय, तू उघडतीस कुठं?

२२ डिसेंबर, सोमवार. सकाळी.

जांभळं इरकली. केस विंचरून घेतले. बांगड्या आत्ताच काढल्या, सवय म्हणून. पायरीवर बसलोय. जोतीराम म्हणाला, आत बसा, गार हाय. म्हटलं, त्यानं आल्यावर थांबायला नको, त्याला गडबड असते.

२२ डिसेंबर. दुपारी.

आला हुता. वाळलाय जरा. मी उठून उभारलो, त्यानं बॅग उचलून डिकीत टाकली. मी मागचं दार उघडायला गेलो तर ते लॉक. मला वाटलं, विसरला.

जवळ येऊन ओरडून म्हणाला, अक्का, तुझी जुनी लुगडी नेतोय. मोहित म्हणाला, तुझ्या वजनाइतकं मऊ कापड गोणीत भरून त्या कोपऱ्यात ठेवलं की बास बसतोय. बाजारातला कापूस घालून बघितला, तसं येत न्हाय. नेसून नेसून मऊ झालेलंच कापड लागतंय.

मी म्हटलं, अरे, जित्या माणसाच्या लुगड्यांची वाकळ करत न्हाईत. तो म्हणाला, वाकळ कुठं करतोय, नुसती गोणीत भरणार. म्हणजे नियमात बसतंय.

मग माझ्याकडं वरपासनं खालपर्यंत बघून म्हणाला, वजनाला जरा कमी पडतील. शालूनं आत नेऊन माझं इरकली सोडायला लावलं आणि आपला गाऊन दिला. ढगळा हाय, पण हवा खेळते. इरकली घडी करून त्याच्या हातात मीच दिलं. जांभळं वर ठेव म्हटलं, सगळ्यात मऊ हाय.

विचारलं, मला कधी? तो काहीतरी बोलला. ओठ हालले. त्याच वेळी मागनं गाडी जात असणार, पाय थरथरत हुते.

गेला. शालू म्हणते, रूळ सकाळपासनं मोकळे हायेत, दुपारी गाडीच नसते.

तर आता हिशेब सोपा झाला. वाकळा नेल्या, लुगडी नेली, बांगड्या बॅगेत हुत्या त्याबी गेल्या. पुढच्या खेपेला त्याला मलाच न्यायला लागंल. दुसरं काय न्यायचं राहिलंय?